पुंगळी अडकली की एक्सट्रॅक्टरवर संशय सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एआर-१५ पद्धतीची, गॅसवर चालणारी सेमी-ऑटो रायफल (चाप ओढला की एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप चढतं), .२२३ मापाची. साफ करून नेली की पहिली वीसेक काडतुसं झकास चालतात. मग दर पाच-सात फैरींना एखादी रिकामी पुंगळी चेंबरमध्येच (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) राहते आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस तिच्यावर जाऊन धडकतं. काही पुंगळ्यांची कड वाकलेली, एकदोनदा तुटलेलीही. एक्सट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी नखी) आणि त्याची स्प्रिंग नवी घातलीत, दोन दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. चारही मॅगझिनमध्ये होतं. आता कुणीतरी सांगितलंय की रायफलीला गॅस कमी पडतोय, नळीतलं गॅसचं भोक थोडं मोठं करून घ्या. करावं का?

नका करू. तुम्ही स्वतः लिहिलेल्या लक्षणांवरूनच दिसतंय की गॅस कमी पडत नाहीये. उलट थोडा जास्तच असण्याची शक्यता आहे, आणि भोक मोठं केलंत तर आज पाचात एक अडकते ती उद्या तिनात एक अडकेल. वर ते भोक पुन्हा लहान करता येत नाही, थेट नवी नळी घ्यावी लागते. असं दुसऱ्या कुणीतरी मोठं केलेलं भोक घेऊन माझ्याकडे आलेल्या रायफली मी इतक्या पाहिल्यात की हा सल्ला ऐकला की आता चिडतोच.

हे मी कशावरून म्हणतोय ते सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट, कारण बिघाड शोधायला बसलेला माणूस नेमका इथेच निष्काळजी होतो. मॅगझिन बाहेर, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालूनही बघा. जिवंत काडतुसं त्या टेबलावर नकोत, त्या खोलीतही नकोत. हातानं बोल्ट चालवून बघायचा तर डमी काडतुसं वापरा. आणि रेंजवर कधी नेहमीच्या धडाक्याऐवजी ‘फुस्स’ किंवा दबका ‘पॉप’ आवाज आला आणि बोल्ट मागे आला नाही, तर हात आवरा. सेमी-ऑटोची चाल अडकली की बोटांना एक सवय लागलेली असते: मॅगझिनवर थाप, हँडल ओढ, पुन्हा चाप. दारू कमी भरलेल्या किंवा अजिबात न भरलेल्या काडतुसात नुसत्या प्रायमरच्या (बुडातली, दारू पेटवणारी टिकली) जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकून बसते. त्या सवयीनं मागून दुसरी मारलीत तर नळी फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज वेगळा वाटला की रायफल खाली करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. आणि चाप ओढून काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. उशिरा पेटणारं काडतूस विरळा असतं, पण असतं.

आता मुद्दा. गोळी सुटते तेव्हा चेंबरमध्ये दाब किती असतो याचा अंदाज असू द्या. .२२३ साठी अमेरिकन उद्योगमानकाची कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. त्या दाबाखाली पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. चिकटायलाच हवी, त्यामुळेच गॅस मागे येत नाही. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब कोसळतो आणि पितळ स्वतःच्या लवचिकपणानं केसाएवढं आक्रसतं, भिंत सोडतं. हा सगळा खेळ साधारण एक-दोन मिलिसेकंदांचा. गोळी गॅसच्या भोकावरून पुढे गेली की थोडा गॅस नळीतून वर चढतो, ट्यूबमधून मागे येतो आणि कॅरिअरला, म्हणजे बोल्ट वाहून नेणाऱ्या भागाला, ढकलतो. कॅरिअर थोडं अंतर मोकळाच सरकतो, मग बोल्टला फिरवून कुलूप उघडतो, आणि त्यानंतर एक्सट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड धरून तिला ओढते. रचना करणाऱ्यानं मधलं ते मोकळं अंतर मुद्दाम ठेवलंय, तेवढ्या वेळात दाब उतरावा आणि पितळ सुटावं म्हणून.

म्हणजे एक्सट्रॅक्टरचं काम पुंगळी उपटून काढण्याचं नाहीच. पुंगळी तोवर सुटलेली असते, त्यानं फक्त तिला सोबत घेऊन यायचं. सुटलीच नसेल तर नखी काय करणार? कड वाकवेल, तोडेल, नाहीतर घसरून सुटेल. तुमच्या पुंगळ्यांवर नेमकं हेच लिहिलेलं आहे.

आणि आता तुमच्या प्रश्नातलं ते एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात: ‘पुढचं काडतूस तिच्यावर जाऊन धडकतं’. बोल्ट मॅगझिनमधलं पुढचं काडतूस कधी उचलतो? त्याच्या बुडाच्या मागे पूर्ण गेला तरच. म्हणजे पुंगळी चेंबरमध्ये सोडून बोल्ट पूर्ण मागे जाऊन परत आला. जोर कमी असता तर तो अर्ध्यातच परत फिरला असता, पुढचं काडतूस उचललंच गेलं नसतं. गॅस कमी पडल्याची लक्षणं वेगळी असतात. पुंगळी बाहेर निघते पण फेकली जात नाही, खिडकीत उभी अडकते. किंवा तीच रिकामी पुंगळी बोल्ट पुन्हा चेंबरमध्ये घालून बंद होतो, तुम्ही चाप ओढता आणि नुसतं ‘टक’, किंवा हातोडी चढलेलीच नसते म्हणून चाप मेलेला. किंवा मॅगझिन संपल्यावर बोल्ट मागे थांबत नाही. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

खात्री करायची तर सोपी चाचणी आहे. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घाला, मारा. बोल्ट मागे थांबला पाहिजे. असं पाच वेळा करा, प्रत्येक मॅगझिनमध्ये एकदा तरी. पाचही वेळा थांबला तर गॅस कमी असल्याची चर्चा तिथेच संपली.

यानंतर मला तुमच्याकडून हव्यात पुंगळ्या. नवे भाग मागवण्याआधी दहा पुंगळ्या क्रमानं गोळा करा, मार्करनं आकडे घाला, अडकलेल्या वेगळ्या ठेवा. बहुतेक लोक सुटे भाग बदलत बसतात आणि पुरावा मात्र रेंजवरच्या बादलीत टाकून येतात. पुंगळी भिंगाखाली घ्या. आधी कड बघा. एका बाजूला नखीएवढा तुकडा बाहेरच्या दिशेनं वाकलेला किंवा गायब असेल, तर नखीनं इमानदारीनं ओढलंय आणि पुंगळीच हटून बसली होती. कडेवर नुसता चकचकीत ओरखडा असेल, वाकलेली नसेल आणि तरी पुंगळी मागे राहिली असेल, तर मात्र नखी घसरली. तेव्हा एक्सट्रॅक्टरकडे बघा. मग बुड बघा. अक्षरांवर एक गोल, चकचकीत पुसट डाग दिसतो का? इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणारा दांडा) छिद्रात दाबाखाली पितळ शिरलं आणि बोल्ट फिरताना खरवडलं गेलं, त्याची ती खूण. दाब जास्त होता किंवा बोल्ट दाब उतरण्याआधीच उघडला. मग अंगावर बोट फिरवा. उभे ओरखडे असतील तर चेंबरमध्ये काहीतरी टोचतंय. आडव्या बारीक रेघा, जुन्या तबकडीसारख्या, असतील तर चेंबर कापणाऱ्या हत्याराच्या खुणा पितळावर उमटल्यात. मानेखाली खांद्यापर्यंत काजळी असेल तर पुंगळी नीट फुगून बसली नाही, गॅस मागे गळला.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. नळीचं तोंड म्हणजे घड्याळातले बारा धरा. उजवीकडे फेकणाऱ्या रायफलीच्या पुंगळ्या तीन ते साडेचारच्या दरम्यान एका ढिगात पडत असतील तर वेग ठीक आहे. एक-दोनच्या दिशेनं, पुढे, लांब उडत असतील तर बोल्ट फार जोरात मागे येतोय. पाचच्या पलीकडे, पायाशी लोळत असतील तर जोर कमी आहे. हे शास्त्र नव्हे, अंदाज आहे. इजेक्टरची स्प्रिंग नवी-जुनी असली तरी ढीग सरकतो. पण फुकटचा अंदाज आहे, घ्यायला काय हरकत.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय चेंबरवर आहे. वीस काडतुसं नीट, मग बिघाड, साफ केल्यावर पुन्हा नीट, ही चेंबरचीच चाल. थंड आणि स्वच्छ चेंबर पुंगळीला सोडतो. तापला, त्यात काजळी बसली, की धरून ठेवतो. लोक नळी आरशासारखी करतात आणि चेंबर तसाच सोडतात, कारण नळीचा ब्रश चेंबरमध्ये सैल फिरतो, भिंतीला लागतच नाही. चेंबरचा ब्रश वेगळा मिळतो, दोन जाडींचा, तो घ्या. द्रावक लावून दहा मिनिटं मुरू द्या, ब्रश दांड्यावर घट्ट बसवून चेंबरमध्ये घाला आणि एकाच दिशेनं फिरवा, मागेपुढे घासू नका. मग कापडानं कोरडं करा. अगदी कोरडं. मग बारीक टॉर्च लावून आत बघा. पुंगळीचं तोंड जिथे येतं तिथे एक काळी गोल वळी दिसेल, ती कार्बनची असते आणि ब्रशला सहज दाद देत नाही.

एका नेमबाजाची अशीच रायफल माझ्याकडे आली होती. तीन एक्सट्रॅक्टर बदलून झालेले, त्याच्या खाली रबरी कडी घालून झालेली, स्प्रिंग सगळ्यात कडक. कडा तरी तुटतच होत्या. मी चेंबरमध्ये लाकडी दातकोरणं घातलं आणि भिंतीवरून हळू ओढलं, तर अर्ध्यावर ते अडकायचं. तिथे गंजाचा एक खड्डा होता, मोहरीच्या दाण्याहून लहान. ओली रायफल कधीतरी तशीच पेटीत ठेवली गेली असणार. तापलेलं पितळ त्या खड्ड्यात फुगून बसायचं आणि खिळ्यासारखं पकडायचं. कडक स्प्रिंगनं एवढंच केलं की आधी नखी घसरायची, ती आता घसरेना, म्हणून कड तुटायला लागली. तुमच्या नव्या एक्सट्रॅक्टरनं दोन दिवस आराम दिला तो असाच. जोरानं ओढलं म्हणून निघालं, पण अडकण्याचं कारण तिथेच राहिलं.

चेंबरकडे दुर्लक्ष झाल्यावर काय होतं याचा सगळ्यात महागडा धडा व्हिएतनाममध्ये एम-१६ नं दिला. दंडगोल दाण्यांच्या दारूऐवजी बॉल पावडर आली, तिनं बोल्टचा वेग वाढवला आणि काजळीही वाढली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत तो गंजायचा. आणि ‘हिला साफसफाई फारशी लागत नाही’ अशा समजुतीत साफसफाईचं साहित्यही पुरेसं पोचलं नव्हतं. पुंगळी चेंबरमध्ये अडकणं हाच तिचा सर्वांत घातक बिघाड ठरला. सैनिक नळीच्या तोंडातून सळई घालून पुंगळ्या ठोकून काढत होते. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या आयकॉर्ड उपसमितीनं त्याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आलं, बफर (कॅरिअरच्या मागचं वजन) बदलला, साफसफाईचं साहित्य मिळू लागलं, आणि तीच रायफल नीट चालायला लागली. नुसता एक्सट्रॅक्टर बदलून ते साधलं नसतं.

काही रचनांनी या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला. सोव्हिएत एसव्हीटी-४० आणि जर्मन जी-३ या रायफलींच्या चेंबरमध्ये उभ्या बारीक खाचा असतात. त्यातून गॅस पुंगळीच्या बाहेरूनही जातो आणि ती जणू तरंगत बाहेर येते. म्हणून जी-३ च्या पुंगळ्यांवर काळे उभे पट्टे दिसतात, तो बिघाड नव्हे. अमेरिकन रचनाकार पेडरसनच्या रायफलीला तर मेणाचा थर दिलेली काडतुसंच लागायची. हे वाचून कुणाला वाटेल की आपणही चेंबरला तेल लावावं, पुंगळी घसरून येईल. तसं करू नका. तेलकट पुंगळी भिंतीला धरत नाही, मग मागे ढकलणारा सगळा भार बोल्टवर आणि त्याच्या दातांवर येतो. पेडरसननं हिशेब करून मेण लावलं होतं. आपली रायफल त्या हिशेबावर बनलेली नाही. तेल लावायचं ते कॅरिअरच्या घासणाऱ्या जागांना, बोल्टच्या अंगाला आणि कॅम पिनला (बोल्टला फिरवणारी खीळ), आणि तिथे हात आखडू नका. ही रचना कोरडी ठेवली की कुरकुरते.

दुसरा संशय काडतुसांवर. तुम्ही कोणती वापरता ते लिहिलेलं नाही. घरी भरलेली असतील तर माझा निम्मा प्रश्न सुटला. एकदा मारलेली पुंगळी बुडाजवळ फुगलेली असते. साइझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात आणणारा साचा) पूर्ण खाली बसवला नाही तर ती तशीच राहते. चेंबरमध्ये ती जाते, पण घट्ट जाते, आणि तापल्यावर येत नाही. दुसऱ्याच्या रायफलीत मारलेल्या पुंगळ्या उचलून भरल्या असतील तर हे हमखास. केस गेजमध्ये (पुंगळीचं माप तपासायचा साचा) टाकून बघा, स्वतःच्या वजनानं आत जाऊन स्वतःच बाहेर पडली पाहिजे. लांबीही मोजा, .२२३ ची कमाल ४४.७० मिलिमीटर. त्याहून लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेत दाबलं जातं, गोळी आवळली जाते आणि दाब चढतो. दारूही बघा. फार सावकाश जळणारी दारू गॅसच्या भोकापाशी नको तेवढा दाब ठेवते. एम-१ गॅरँड वापरणाऱ्यांना हे नीट ठाऊक असतं, कारण तसल्या दारूनं तिचा लांब ऑपरेटिंग रॉडच (गॅसचा जोर बोल्टपर्यंत नेणारी सळई) वाकतो.

नळीवर काय कोरलंय तेही वाचा. ५.५६ आणि .२२३ बाहेरून सारखी दिसतात, चेंबर मात्र सारखे नसतात. .२२३ च्या आखूड चेंबरमध्ये ५.५६ ची काडतुसं मारलीत तर दाब वाढतो, आणि त्याची पहिली चाहूल बहुधा अशीच मिळते: वाकलेल्या कडा, सपाट झालेले प्रायमर, बुडावरचा तो चकचकीत डाग.

पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसं असतील तर तीही वीस फैरींसाठी बाजूला ठेवा. पोलाद पितळासारखं भिंतीला बसत नाही, म्हणून काजळी मागे येते, आणि पितळासारखं आक्रसतही नाही. चेंबरमध्ये त्यावरचा लॅकर (वार्निशसारखा लेप) वितळतो, असं बरेच जण सांगतात. माझ्या हाताखालून गेलेल्या चेंबरांत मला लॅकर कधी सापडला नाही, काजळी मात्र भरपूर. खरी पंचाईत तेव्हा होते, जेव्हा पोलादी काडतुसांचा डबा संपवून त्याच चेंबरमध्ये पितळी मारली जातात. ती त्या काजळीच्या थरात फुगून रुतून बसतात.

चेंबर स्वच्छ, कारखान्याची पितळी काडतुसं, आणि तरीही कडा वाकतायत? मग वेगाकडे चला. तुमच्याकडे कार्बाइन लांबीची गॅस ट्यूब असेल तर भोक चेंबरच्या जवळ असतं, दाब चढा मिळतो, बोल्ट घाईनं उघडतो. नळीच्या तोंडाला आवाज दाबणारं यंत्र लावत असाल तर ही घाई आणखी वाढते. उपाय असा की कॅरिअरला थोडं जड करायचं. साधा कार्बाइन बफर सुमारे ८५ ग्रॅमचा, एच सुमारे १०८, एच-टू सुमारे १३०, एच-थ्री दीडशेच्या वर. एक पायरी वर चढा, एकदम तीन नको. आणि प्रत्येक पायरीला ती एका काडतुसाची चाचणी पुन्हा करा. बोल्ट मागे थांबेनासा झाला की तुम्ही एक पायरी जास्त चढलात. बफरमागची स्प्रिंग बाहेर काढून मोजा. कार्बाइनची मोकळी स्प्रिंग साडेपंचवीस सेंटीमीटरच्या आत भरली तर तिचं आयुष्य संपलं. मेलेली स्प्रिंग बोल्टला मागे जायला अडवत नाही आणि पुढे येताना नीट बंदही करत नाही. वेग कमी करायला ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक (गॅसच्या भोकावर बसणारा, गॅस कमी-जास्त करता येणारा ठोकळा) हाही चांगला मार्ग आहे, फक्त तो काजळीनं जाम होतो, मधूनमधून फिरवत राहावा लागतो.

ज्यांची अडचण तुमच्या उलट आहे, म्हणजे जोरच कमी आहे, त्यांनी गॅसची गळती शोधावी. कॅरिअरच्या डोक्यावरची गॅस-की (ट्यूबमधला गॅस आत घेणारं नळकांडं) हलते का बघा. तिचे दोन स्क्रू ठोकून पक्के केलेले असावेत, नुसत्या चिकटद्रव्यावर भरवसा नको. बोल्टवरच्या तीन गॅस रिंगा तपासायला बोल्ट पुढे ओढा आणि कॅरिअर बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभा करा. स्वतःच्या वजनानं खाली बसला तर रिंगा झिजल्या. त्या रिंगांच्या फटी एका रेषेत आल्या की रायफल चालत नाही, ही समजूत आहे. त्या फिरत राहतात, रेषेत आल्या तरी काही बिघडत नाही. गॅस ब्लॉक सरकला असेल तर त्याच्या कडेला ताजी काजळी फुटलेली दिसते. आणि ब्लॉक थोडा जरी पुढे सरकला तरी भोकाचा काही भाग झाकला जाऊ शकतो. भोक मोठं करून घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांना खरं तर ब्लॉक जागेवर बसवून हवा असतो.

.२२ रिमफायरची (प्रायमर कडेतच असलेली काडतुसं) गोष्ट वेगळी आहे, एका परिच्छेदात सांगतो. रुगर १०/२२ सारख्या रायफलीत गॅस-बिस काही नाही, पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. तिथे काडतुसात जोर हवा. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) किंवा स्टँडर्ड वेगाच्या काडतुसांवर अडखळत असेल तर आधी हाय व्हेलॉसिटी मारून बघा. उघड्या शिशाच्या गोळीवरचं मेण चेंबरमध्ये साचतं, ते काढा. तिथले निम्मे बिघाड यातच मिटतात.

आता एक्सट्रॅक्टर. शेवटी का होईना, बघायचाच. पिन काढा, नखीच्या कोपऱ्यात सुईनं खरवडा. तिथे पितळेचा चुरा आणि काजळी दगडासारखी बसलेली असते, नखी त्यामुळे पूर्ण बंद होत नाही. नखीची धार भिंगाखाली बघा, टवका उडालेला किंवा गोलसर झालेली असेल तर बदला. आतल्या स्प्रिंगमध्ये रबराचं बोंडूक असतं, ते तिथे आहे ना बघा, साफसफाईत हरवतं. मग बोल्ट हातात घेऊन रिकामी पुंगळी नखीखाली सरकवा आणि हलवा. पुंगळी बोटानं मागे-पुढे झुकली पाहिजे, पण पडता कामा नये. इजेक्टरचा दांडा त्याच वेळी पुंगळीनं दाबून बघा. रुतत रुतत आत जात असेल तर त्याच्या छिद्रात पितळेचा कीस आहे, पिन काढून साफ करा. बोल्टचे दातही एकेक करून बघा, मुळाशी केसाएवढी चीर दिसली तरी तो बोल्ट पुन्हा वापरायचा नाही.

मॅगझिनबद्दल तुम्हाला लिहायला फारसं काही नाही. पुंगळी चेंबरमध्ये राहण्याला मॅगझिन कारण होत नाही, आणि तुमच्याकडे चारही मॅगझिनमध्ये होतंय. फक्त सगळ्यांवर आकडे घाला. काडतूस चढण्याचा बिघाड कधी आला तर एका आकड्याशी त्याचं लग्न लागलेलं सापडेल.

अडकलेली पुंगळी काढायची कशी, हेही विचारलंयत. आत रिकामी पुंगळीच आहे अशी खात्री असेल तर मॅगझिन काढा, बोल्ट मागे अडकवा, नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई हळू सोडा आणि तिच्या वजनानं दोन-तीन वेळा ठोका. बहुतेक वेळा टुणकन बाहेर येते. बोल्ट पुंगळीवर बंद होऊन जाम बसला असेल तर दस्ता जमिनीवर आपटत हँडल ओढायची पद्धत आहे. त्यात नळीचं तोंड चेहऱ्यापासून आणि सगळ्यांपासून दूर, बोट चापापासून लांब, सरकणारा दस्ता आधी पूर्ण आत घेतलेला, नाहीतर तोच मोडतो. आणि आत जिवंत काडतूस असेल किंवा असण्याची शंका जरी असेल, तर ना सळई, ना आपटाआपटी. नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि आर्मररला (शस्त्रं दुरुस्त करणारा) बोलवा. ही वेळ बहुधा फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट हातानं पुढे ढकलायचं बटण) बुक्क्या मारल्यानं येते. काडतूस सहज जात नसेल तर ते बाहेर काढून का जात नाही ते बघायचं असतं. बुक्की मारून ते आत बसवलंत तर मग ते बाहेर येत नाही.

तर तुमचा क्रम असा ठेवा. चेंबर ब्रशनं साफ आणि कोरडा. नळीवर कोरलेल्या चेंबरला चालणारी, कारखान्याची पितळी काडतुसं, दोन डबे. एका काडतुसाची चाचणी पाच वेळा. मग चाळीस फैरी, पुंगळ्या क्रमानं. अडकल्या आणि कडा वाकलेल्याच असल्या तर बफर एक पायरी जड करून पुन्हा चाळीस. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा इथूनच सुरुवात. तरीही अडकत असेल तर चेंबर खरखरीत आहे किंवा मापात कमी आहे. ते आणि हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर) तपासणं गेज असलेल्या कारागिराचं काम, सँडपेपर घेऊन स्वतः बसू नका. त्याच्याकडे जाताना रायफलीसोबत त्या आकडे घातलेल्या पुंगळ्या पिशवीत न्या, काडतुसांच्या डब्याचं झाकण न्या, आणि तुम्ही बदललेला जुना एक्सट्रॅक्टर टाकला नसेल तर तोही. माझा अंदाज आहे की त्यात काहीच दोष निघणार नाही.